ढवळ्या मांडीवर बसेना

ससा मांडीवर बसला नाही म्हणून कुणाची अब्रू जात नाही. जगात कितीतरी लोकांच्या मांडीवर जन्मात एकदाही ससा बसलेला नाही आणि तरी ते सन्मानाने पेन्शन खात आहेत. पण मी आरमोरीला ढोरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. जनावर हा माझा विषय. हलवायाला जिलबी जमली नाही तर लोक जसे बघतील, तसे लोक माझ्याकडे बघू लागले होते.

आता खरं सांगायचं तर जनावरांचं आणि माझं पूर्वीपासूनच सूत नव्हतं. त्यांना मी दिसायचो तो नेहमी हातात औषधाची बांबूची नळी घेऊन. मला पाहताच म्हशी दावं ताणायच्या आणि बाजारातल्या शेळ्या रस्ता बदलायच्या. पण ते सगळं सरकारी कामकाज होतं, मी ते मनाला लावून घेत नसे. ढवळ्याची गोष्ट घरची होती.

ढवळ्या म्हणजे ससा. दसऱ्याला माझा मेव्हणा नागपूरहून आला तो टोपलीत पांढराशुभ्र विलायती ससा घालून. माझी बायको भागीरथा हरखली. नर की मादी, असं तिने विचारलं. मी सशाकडे एकदा खात्याच्या नजरेने पाहिलं आणि "नर" असं सांगून टाकलं. नाव मी मोठ्या हौसेने 'धवल' ठेवलं होतं. शेजारच्या गुणाबाईंनी ते ऐकलं आणि दुपारपर्यंत आळीभर त्याचा 'ढवळ्या' झाला. बैलाचं नाव सशाला मिळालं, पण इलाज नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. नाटक आडवं आलं.

आमच्याकडे धान कापणीला आला आणि दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मागल्या मंडईला पलीकडच्या गावच्या मंडळींनी रंगमंचावर जिवंत घोडा आणला होता. घोडा राजाला पाठीवर घेऊन प्रेक्षकांमधून थेट घरी गेला ते वेगळं, पण घोडा आणला होता. आमच्या नाटक मंडळाचे सर्वेसर्वा भैयाजी पाटील हे ऐकून वर्षभर जेवले नव्हते, निदान ते तसं सांगत. त्यांनी यंदा स्वतःच पाच अंकी संगीत नाटक लिहिलं होतं. त्यात दयानिधी नावाचे एक ऋषी होते आणि त्यांचा आश्रम पशुपक्ष्यांनी गजबजलेला होता. ऋषींची भूमिका माझी.

"आश्रमात जिवंत जनावर पायजे," भैयाजी बैठकीत म्हणाले. "हरीण आणता येत नाई, जंगलाचा नाकेदार आत टाकन. मोर आणला तं ओरडन. काय करावं जी?"

मी पान खात होतो. मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "आमच्या घरी ससा आहे. बसेल की माझ्या मांडीवर."

"बसन?"

"बसेल म्हणजे काय? बसतोच."

त्या क्षणापर्यंत ढवळ्याने माझ्या मांडीला नाक देखील लावलेलं नव्हतं.

भैयाजींनी ताबडतोब संवाद लिहिला. ऋषी हात पुढे करून म्हणतात, "ये वत्सा धवला, ये!" आणि ससा धावत येऊन मांडीवर बसतो. मग ऋषी त्याला कुरवाळीत शिष्यांना वैराग्यावर उपदेश करतात. ऐकायला फार सुंदर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भैयाजी खात्री करायला घरी आले. योगायोगाने रामाजी पोस्टमन टपाल घेऊन ओसरीवर बसले होते. रामाजींना ऋषीची भूमिका हवी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे असं त्यांचं मत होतं, आणि दुर्दैवाने इतरांचंही होतं. मी "धवला, धवला" करीत कोपऱ्यात हात घातला. ढवळ्या माझ्या बगलेखालून सटकला, ओसरीभर दोन फेऱ्या मारल्या आणि टुणकन रामाजींच्या मांडीवर जाऊन बसला. नुसता बसला नाही, त्याने तिथे डोळे मिटले.

"काय गोजिरवाणं जनावर हाये जी," रामाजी म्हणाले.

भैयाजींनी तोंडातल्या तोंडात "हं" केलं आणि निवाडा दिला. पहिल्या प्रवेशात ऋषी मी. ससा माझ्या मांडीवर बसला तर पुढचे सगळे प्रवेश माझे. नाही बसला तर पडदा पडताच दाढी काढून रामाजींच्या तोंडाला लावायची. मंडळाकडे दाढी एकच होती, तागाची, छातीपर्यंत रुळणारी. ती आपल्या तोंडावरून काढून रामाजींच्या तोंडावर जाताना सगळं गाव पाहील, या विचाराने मी त्याच संध्याकाळी सशाच्या मागे लागलो.

सल्ले सुरू झाले. आरमोरीत औषध विकत घ्यावं लागतं, सल्ला घरपोच मिळतो. कुणी म्हणालं गूळ चारा. कुणी म्हणालं डोळ्यांत डोळे घालू नका. भागीरथा म्हणाली, "तुमच्या हाताले फिनाईलचा वास येते. मीच सहन करून राह्यली, ते बिचारं काऊन करन?" म्हणून मी हात शिकेकाईने घासले आणि वरून मुळ्याच्या पाल्याचा रस चोळला. ढवळ्याने त्या हातांकडे ढुंकून पाहिलं नाही. दवाखान्यात मात्र ज्या गोऱ्ह्याला मी औषध पाजायला गेलो, त्याने माझा उजवा हात मनगटापर्यंत तोंडात घेतला आणि सोडेचना. नोकरीत प्रथमच एका जनावराने मला जवळ केलं होतं, तेही चुकीच्या जनावराने.

मग कुणीतरी सांगितलं की सशाला उंच माणसाची भीती वाटते, जमिनीवर निजा. एका रविवारी मी ओसरीवर उताणा पडलो, छातीवर मुळ्याचा पाला ठेवला, डोळे मिटले आणि श्वास अगदी हळू घेऊ लागलो. ढवळ्या बाजेखालून पाहत होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं असावं, एवढ्यात गाईचं औषध मागायला आलेले सोमाजी दारात उभे राहिले. छातीवर हिरवा पाला आणि हालचाल नाही, एवढं त्यांना पुरे झालं. "कंपौंडर गेला व माय!" अशी त्यांनी हाळी दिली. मी उठून बसेपर्यंत अर्धी आळी अंगणात होती आणि एका गृहस्थाने बांबू सुद्धा आणले होते. मी जिवंत आहे हे पाहून त्यांना आनंद झाला, पण बांबू परत न्यायचे म्हणून ते थोडे नाराज दिसले.

त्यात राज्य बदललं. त्या वर्षी ऐन दिवाळीत आम्ही मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलो. आम्ही म्हणजे सगळा विदर्भ. बसल्या जागीच गेलो. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, पण मुखरू नाकेदाराला वाटलं. नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा गावपातळीवरचा बादशहा. तो खाकी चढवून ओसरीवर आला.

"ससा हाये म्हणे तुमच्याकडं. जंगलातला जीव हाये, परवानगी कुठी?"

"अहो, हा विलायती ससा. नागपूरचा आहे."

"नागपूरले जंगल कुठी हाये?"

"नाही ना. म्हणूनच तर म्हणतो."

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "आला तवा मध्यप्रदेश होता. आता मुंबई राज्य लागलं. एका राज्यातला ससा दुसऱ्या राज्यात आला, त्याची नोंद कुठी?"

"अहो मुखरूभाऊ, ससा जागचा हलला नाही. राज्य हललं!"

"ते वरून खुलासा येईन तवा पाहू. तवरिक त्यानं घर सोडाचं नाई."

नाटकाचा मांडव गावाबाहेरच्या मैदानात. मी धावत भैयाजींकडे गेलो. भैयाजी नाटककार असले तरी व्यवहाराला पक्के. त्यांनी त्याच संध्याकाळी मुखरूला राजाच्या द्वारपालाची भूमिका दिली, हातात भाला दिला आणि वर एक संवादही दिला. मुखरूने आरशासमोर मिशी पिळली आणि ससा आपल्या खास देखरेखीखाली असेल तर मैदानात न्यायला हरकत नसल्याचा हुकूम काढला. अशा रीतीने माझ्या सशाला सरकारी पहारा मिळाला. तो मांडीवर मात्र अजूनही बसत नव्हता.

आता गुणाबाई. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे माझी सारी फजिती त्या घरबसल्या ऐकत. त्यांचं माहेर कोरचीकडचं, छत्तीसगडला लागून. एका दुपारी मी ढवळ्यामागे चुलीपासून न्हाणीपर्यंत धावत असताना त्या पदराला हात पुसत आल्या.

"काऊन जी कंपौंडरभाऊ, कोंबडी पकडून राह्यले का?"

"ओळख वाढवतोय."

"अशी वाढते? तुमाले कोनी मांगं धावून पकडलं तं तुमी बसान त्याच्या मांडीवर? आमच्या माहेराकडं दोस्ती कराची असली तं महापरसाद जोडते. जोडून टाका."

महाप्रसाद जोडणं म्हणजे देवासमोर नारळ फोडून, एकमेकांना काहीतरी देऊन जन्माची मैत्री करणं. एकदा जोडला की सख्ख्या भावाहून मोठं नातं. त्याचे नियमही कडक. महाप्रसादाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्याला 'महाप्रसाद' अशीच हाक मारायची. त्याला हात धरून ओढायचं नाही. 'या' म्हणायचं आणि वाट पाहायची. यायचं की नाही हे त्याचं तो ठरवणार.

"सशाशी?" मी म्हणालो.

"मंग? त्याच्याशी तं दोस्ती कराची हाये ना तुमाले. का पोस्टमनशी हाये?"

पोस्टमनचं नाव निघाल्यावर मी नारळ आणायला गेलो.

समारंभ तुळशीपुढे झाला. भागीरथा तोंडात पदर कोंबून उभी होती. मी ढवळ्याला खोबऱ्याचा तुकडा आणि एक अख्खा मुळा अर्पण केला. उलट त्यानेही मला काहीतरी द्यायला हवं होतं. गुणाबाईंनी त्याला उचलून माझ्यासमोर धरलं आणि त्याने जे द्यायचं ते माझ्या धुतलेल्या धोतरावर दिलं. "देल्लं जी, देल्लं!" असं म्हणून गुणाबाईंनी आमच्या दोघांच्या कपाळी कुंकू लावलं. भागीरथा घरात जाऊन बराच वेळ हसत होती. मी सरकारी नोकर, मॅट्रिकला दोनदा बसलेला. पण दिलेला शब्द तो शब्द.

आणि नवल असं की धावाधाव बंद झाली. नियमच होता, ओढायचं नाही. मी दवाखान्यातून आलो की भिंतीला टेकून जमिनीवर बसायचो, "या महाप्रसाद" एवढं म्हणायचो आणि दिवसभराची हकीकत सांगायचो. कोणत्या म्हशीने लाथ मारली, डॉक्टर काय म्हणाले. भागीरथेला यातलं काही ऐकायचं नसे. ढवळ्या बाजेखालून कान लांब करून ऐकायचा. मग तो बाजेच्या अलीकडे बसू लागला. मग एकदा पायाच्या अंगठ्याला गार, ओलं काहीतरी लागलं. मी श्वास रोखला. त्याचं नाक होतं. मी आयुष्यात बढती फक्त एकदाच घेतली, पण तिचाही मला एवढा आनंद झाला नव्हता. पुढे तो माझ्या पायावर हनुवटी टेकून पडायलाही लागला. मी खाली वाकलो की मात्र पसार.

शेवटच्या तालमीलाही तो पायाशीच बसला. "पाय आन मांडी यात फरक हाये," भैयाजी म्हणाले. रामाजींनी खाकरून गळा साफ केला.

नाटकाच्या दिवशी दुसरीच अडचण माझ्या लक्षात आली. संवादात "ये वत्सा धवला" असं स्पष्ट होतं. महाप्रसादाचं नाव घ्यायचं नाही. आणि बायकांच्या बाजूला, पुढच्याच ओळीत, गुणाबाई पोतं अंथरून बसणार होत्या.

दिवेलागणीला गॅसबत्त्या लागल्या. नांदी झाली. आश्रमाचा पहिलाच प्रवेश. मी भगवी वस्त्रं नेसून, दाढी लावून पाटावर पद्मासन घातलं. कोपऱ्यात टोपली, टोपलीशेजारी आश्रमाशी काहीएक संबंध नसलेला द्वारपाल मुखरू, भाला घेऊन. पडद्याआड रामाजी भगवी वस्त्रं नेसून, उघड्या हनुवटीने तयार. पडदा वर गेला. मैदान माणसांनी गच्च भरलं होतं. पलीकडच्या गावची मंडळी तर पुढेच येऊन बसली होती.

मुखरूने टोपली उघडली. मी हात पुढे केला. तोंड उघडलं. गुणाबाई टक लावून पाहत होत्या.

"ये वत्सा धवला!" आतून प्रॉम्प्टर पत्रू कुजबुजला.

मी गप्प.

"ये वत्सा धवला!" पत्रू इतक्या मोठ्याने म्हणाला की मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी ओरडलं, "ऋषी भुलला!" लोक हसू लागले. विंगेतून रामाजींचा हात दाढीच्या दिशेने येताना मला दिसला.

तेव्हा मी डोळे मिटले आणि रोज घरी म्हणतो तसंच म्हणालो, "या महाप्रसाद. बसा."

मैदान खदखदलं. आणि ढवळ्या टोपलीतून उतरला, गॅसबत्तीच्या उजेडात क्षणभर उभा राहिला, चार उड्यांत आला आणि माझ्या मांडीवर चढून बसला. मांडीवर! माझ्या! टाळ्यांचा कडकडाट झाला. पलीकडच्या गावच्या मंडळींची तोंडं पाहायला मला वेळ मिळाला नाही, कारण वैराग्यावरचा उपदेश सुरू करायचा होता.

"शिष्यांनो," मी गहिवरून म्हणालो, "या जगात आपलं असं काहीही नाही."

ढवळ्याने मागच्या पायांवर उभं राहून माझ्या दाढीचा एक झुबका उपटला.

"जे आज आपलं वाटतं, ते उद्या जाणार."

दुसरा झुबका गेला. तो तोंडात धरून ढवळ्या माझ्या भगव्या वस्त्राच्या घडीत शिरला, तिथे त्याने तो ताग नीट पसरला आणि पुन्हा वर आला. मी हलेन कसा? इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो मांडीवर होता. "देह काय, केस काय, सगळं नश्वर," मी म्हणत राहिलो आणि माझी दाढी नश्वर होत राहिली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. "वन्स मोर!" असा पुकारा झाला, पण तेवढी दाढी उरली नव्हती. मग ढवळ्या स्वतःच्याच छातीचे केस उपटून त्या तागात खोचू लागला, तशा गुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अवं माय! नर नाई, मादी हाये! घरटं करून राह्यली व, बाळंतीण होते!"

सगळं मैदान उठलं. बायका रंगमंचाकडे धावल्या. मुखरूने भाला आडवा धरला आणि मंडळाने दिलेला एकमेव संवाद, जो चौथ्या अंकात होता, तो तिथेच म्हणून टाकला: "खबरदार! पुढं कोणी येऊ नका!" पडदा घाईघाईने पडला.

मला उठता येईना. ढवळ्या, म्हणजे ती, घडीत खोल शिरून बसली होती. पुढचा प्रवेश राजदरबाराचा. शेवटी चौघांनी मला पाटासकट उचलून पडद्यामागे धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी ठेवलं. रामाजी धावत आले. "आणा जी, मी घेतो. माझ्या मांडीवर बसते ते," असं म्हणून त्यांनी हात घातला आणि बोट चोखत मागे सरकले. तिने कडकडून चावा घेतला होता. मी भीतभीत हात आत नेला. तिने तो हुंगला. फिनाईलसकट हुंगला असणार. मग आपलं डोकं माझ्या तळव्याखाली सरकवलं आणि तशीच पडून राहिली. तिचं काळीज भराभर उडत होतं, ते हळूहळू निवलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात जन्म गेला, पण "तू इथे थांब" असं मला आजवर एकाही जनावराने सांगितलं नव्हतं.

पहिलं पिल्लू आलं तेव्हा समोर दरबारात भैयाजी राजा होऊन साकी म्हणत होते. गुलाबी, उघडंनागडं, बोटाएवढं. मग दुसरं. नागपूरहून टोपलीत एकटा ससा आला नव्हता तर. भागीरथा कंदील धरून माझ्या खांद्याशी बसली होती. "नर म्हणे!" ती हळूच म्हणाली. खात्याच्या वतीने मी पुन्हा पिल्लं मोजली.

तेवढ्यात पत्रू धापा टाकत आला. "कंपौंडरभाऊ, चला! ऋषीचा प्रवेश हाये. भैयाजी म्हणते, ससा बसला, पुढचे सारे प्रवेश तुमचे. सारं मैदान तुमालेच बलावून राह्यलं!"

खरंच, बाहेर "ऋषी! ऋषी!" असा घोष चालू होता. अशी हाक येण्यासाठी मी किती वर्षं नाटक मंडळाच्या सतरंज्या उचलल्या होत्या, ते मला ठाऊक. मी मांडीकडे पाहिलं. तिसरं पिल्लू यायचं होतं.

"रामाजी," मी म्हणालो, "तुम्हीच करा ऋषी."

रामाजींनी चोखलेलं बोट तोंडातून काढलं. "खरंच म्हणता जी? पण दाढी?"

"दाढी लागली आहे कामाला."

ते उघड्या हनुवटीनेच गेले. कुणीतरी ओरडलं, "ऋषीची दाढी कुठी गेली?" मग रामाजींचा खणखणीत आवाज आला, माझ्यापेक्षा खरोखरच बरा होता तो: "वत्सा, बाळंतिणीले देल्ली!"

टाळ्या अशा पडल्या की पडदा हलला. मला त्या वाजवता आल्या नाहीत. माझा एक हात तिच्या डोक्यावर होता आणि दुसऱ्या हाताने मी पिल्लांवर दाढी पांघरत होतो.